कानाचा तुकडा

खबार कालव्याच्या काठी, जिथे आता आम्ही
दुसऱ्यांच्या शेतांसाठी गाळ उपसतो,
संध्याकाळी वडीलधारे मथन्याच्या अंगणात जमतात,
खजुराच्या झापांखाली बसून
पडलेल्या शहरासाठी रडतात.
नीट रडतात. त्यांना शब्दांची सवय आहे.

काल मीही गेलो.
फावडं दाराशी टेकवलं, पाय धुतले,
मागे बसलो, जिथे चिलटं फार.
यहोयारीब म्हणाले, "आपण मेंढरं होतो.
आपणच भरकटलो."
सगळ्यांच्या माना हलल्या.
माझी हलेना.

मी एलासा, तकोवाच्या माळावरचा मेंढका.
नऊ वर्षांचा होतो तेव्हा हातात काठी आली.
मेंढरू भरकटायचं म्हणून भरकटत नाही.
ते खाली मान घालून चरतं,
एक पाऊल गवताकडे, मग अजून एक,
आणि मान वर करतं तेव्हा
हाकेच्या पलीकडे गेलेलं असतं.
हाक मारणारा असला, तर.

आमच्यात एक रीत होती, बाबांनो.
लांडग्याने कोकरू उचललं की मेंढक्याने धावायचं,
जबड्यातून निघेल ते ओढून काढायचं,
एखादी तंगडी, नाहीतर कानाचा तुकडा,
आणि मालकापुढे ठेवायचं.
म्हणजे कळतं, याने विकून खाल्लं नाही.
म्हणजे कळतं, निदान धावला.

मी एकदा धावलो नाही.
मिसरूड फुटत होतं, थंडी होती,
घोंगडीच्या आतून नुसतं ऐकलं.
सकाळी काट्यांत कान सापडला,
आतली लव पांढरी, दंवाने ओली.
तो मालकाला दाखवला. म्हणालो, झुंजलो.
मजुरी कापली नाही त्याने.
पन्नास वर्षं झाली, मूठ अजून उघडत नाही.
म्हणून मला ओळखू येतो
न धावलेल्या माणसाचा आवाज.
जरा जास्त गोड असतो तो.

मग विचारलंच.
हमूटलचा धाकटा रिब्लाच्या वाटेवर बसला तो उठला नाही.
टाचेत काटा मोडलेला, पू झालेला.
तेव्हा कुणाच्या अंगावर तागाचे तीन-तीन झगे होते?
एक चिंधी निघाली नाही.
आंधळा अखबोर नदीच्या उतारावर मागे राहिला,
तुमच्या गाढवावर तेलाचे बुधले होते.
आणि त्याही आधी, भिंती उभ्या होत्या तेव्हा,
कातडीला कातर लागेस्तोवर लोकर काढलीत,
खरूज झालेलीला म्हणालात, उपास कर.
आता म्हणता, देवाने पांगवलं.
असेल. देवाशी माझं मी बघेन.
तुम्ही मला कानाचा तुकडा दाखवा.

कुणी बोललं नाही.
यहोयारीबांनी दाढी चाचपली, म्हणाले,
"म्हातारा दमलाय, पाणी द्या."
दिलं. प्यालो. तहान होतीच.

बाहेर काळोख.
कालव्यापलीकडे बाबेलच्या देवळाचा कळप
बोरूच्या कुडात कोंबलेला.
त्यातली एक लंगडत होती.
तीन पायांचं चालणं वेगळं वाजतं,
कानाला लगेच कळतं.
माझी नव्हती. आमच्या देवाचीही नसावी,
की असेल, मला काय ठाऊक.
उथळ जागा बघून पलीकडे गेलो,
कुडातून हात घातला, खूर चाचपला,
खडा उपटला, डोक्याचं फडकं फाडून बांधलं.
तिने हात चाटला नाही वगैरे. एक लाथ मारली.
बरोबर आहे.

परतताना आमच्या झोपड्यांपुढून
काठीने प्रत्येक दाराला टेकत निघालो,
पूर्वी मोजायचो तसा.
माणसं झोपेत कण्हत होती, खोकत होती.
हमूटलच्या दाराशी आकडा अडला.
मागे गेलो.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं.